आकाशातील परीक्षा आणि शिवारातील हिशेब

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून दर मंगळवारी व शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. फवारणी कधी करावी, पाणी केव्हा द्यावे, काढलेले सोयाबीन पावसापासून कसे जपावे, असा शेतकऱ्याच्या रोजच्या कामाचा मजकूर त्यात असतो. त्यातच एखादे रुक्ष वाक्य येते : अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राच्या उपग्रहीय माहितीनुसार मराठवाड्यात बाष्पोत्सर्जनाचा वेग वाढला आहे किंवा कमी झाला आहे. बाष्पोत्सर्जन म्हणजे जमिनीतून वाफेच्या रूपाने आणि पिकाच्या पानांवाटे हवेत जाणारे पाणी. वाचणारा बहुधा हे वाक्य ओलांडून पुढच्या सल्ल्याकडे वळतो. परभणीच्या काळ्या जमिनीतून किती पाणी उडून गेले याचा अंदाज आकाशात फिरणारे एक यंत्र बांधत आहे, याचे आता कोणाला फारसे अप्रूप उरलेले नाही.

अप्रूप नसले तरी काळजी मात्र असायला हवी. कारण हा अंदाज सल्ल्यापुरता राहिलेला नाही. २०२३ च्या खरिपात राज्य शासनाने पीक विम्याची भरपाई ठरवताना सोयाबीन, कापूस यांसारख्या पिकांच्या उत्पादनासाठी उपग्रहाच्या आधारे काढलेल्या अंदाजाला ३० टक्के आणि प्रत्यक्ष पीक कापणी प्रयोगाला ७० टक्के वजन देण्याचे ठरवले. विम्याचे नियम त्यानंतरही बदलले. पण आकाशातून पाहून पैशाचा निर्णय करण्याची वाट एकदा पडली ती पडलीच. उद्या हे वजन वाढले तर नवल वाटू नये. वरून पाहणाऱ्या डोळ्याची नजर चुकली, तर त्या चुकीचा हिशेब जिंतूरच्या, पाथरीच्या, पालमच्या शेतकऱ्याच्या बँक पासबुकात उमटणार. तेव्हा या डोळ्याची परीक्षा कोणी घेतली, कुठे घेतली आणि कशी घेतली, हे विचारण्याचा हक्क त्या शेतकऱ्याला आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना अवकाश संशोधनाच्या एका दुर्लक्षित दालनात जावे लागते. चांद्रयान आणि मंगळयान यांची नावे घराघरांत पोहोचली. पण दोन-पाच देशांनी, कधी दोन-चार विद्यापीठांनी मिळून सोडलेले, एखादे नवे यंत्र तपासून पाहण्यापुरते जन्माला आलेले छोटे उपग्रह वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपतात. पुढच्या मोठ्या उपग्रहांची विश्वासार्हता मात्र या चार ओळींवर उभी असते.

बियाण्याची परीक्षा, यंत्राची परीक्षा

परभणीच्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी दूर जायला नको. ज्वारीचे ‘परभणी मोती’ हे वाण विद्यापीठाने एका रात्रीत शेतकऱ्याच्या हाती दिलेले नव्हते. कोणतेही वाण आधी संशोधन केंद्राच्या छोट्या वाफ्यात वाढते. मग वेगवेगळ्या ठिकाणच्या जमिनीत, वेगवेगळ्या पावसात त्याची चाचणी होते. त्यानंतर ते निवडक शेतकऱ्यांच्या बांधावर जाते आणि शेवटी त्याची शिफारस होते. मधल्या टप्प्यांवर शेकडो वाणे बाद होतात. ती बाद झाली म्हणून कोणी विद्यापीठाला दोष देत नाही, कारण तिथे बाद झाली नसती तर ती शेतकऱ्याच्या शेतात बाद झाली असती.

अवकाशातील यंत्राचेही तसेच आहे. प्रयोगशाळेत कितीही घासूनपुसून घेतले तरी अवकाशाची खरी ओळख तिथे होत नाही. जमिनीलगत फिरणारा उपग्रह दीड तासाच्या सुमारास पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. प्रत्येक फेरीत तो कडक उन्हातून गडद सावलीत आणि पुन्हा उन्हात जातो. हवा नाही, त्यामुळे उष्णता वाहून नेणारे काही नाही. किरणोत्साराचा मारा संगणकाची स्मृती बिघडवू शकतो. वंगण उडून जाते, सांधे अडकतात. आणि काही बिघडले तर पाना-पक्कड घेऊन वर जाणारा कोणी नाही.

म्हणून शेकडो कोटींचा उपग्रह बांधणारा अभियंता नव्या यंत्राकडे संशयाने पाहतो. ‘हे पूर्वी अवकाशात चालले आहे का?’ हा त्याचा पहिला प्रश्न. चालले नसेल तर तो ते घेत नाही. आणि कोणी घेत नाही तोवर ते चालून दाखवणार तरी कुठे? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या आपल्याकडच्या पदवीधराच्या कोंडीसारखीच ही कोंडी आहे. छोटा चाचणी-उपग्रह ती फोडतो. तो स्वस्त असतो, लवकर बांधता येतो आणि मुख्य म्हणजे त्याचे अपयश परवडते. दोन-तीन देश एकत्र आले की खर्च वाटला जातो. एक जण कॅमेरा देतो, दुसरा उपग्रहाचा सांगाडा, तिसरा अग्निबाणावरची जागा.

बैलगाडीवरून श्रीहरिकोट्यापर्यंत

या व्यवहारात भारत आधी प्रवासी होता आणि मग गाडीवान झाला. १९ जून १९८१ रोजी युरोपच्या एरियान अग्निबाणाच्या तिसऱ्या चाचणी उड्डाणातून आपला ‘अ‍ॅपल’ हा प्रायोगिक दळणवळण उपग्रह अवकाशात गेला. अग्निबाण चाचणीचा, उपग्रहही चाचणीचा, असा तो दुहेरी प्रयोग होता. या अ‍ॅपलला बैलगाडीवर ठेवलेले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. गरीब देशाचे प्रतीक म्हणून ते जगभर छापले गेले. खरे कारण वेगळे होते : अँटेनाची चाचणी घेताना धातूच्या वाहनाचा अडथळा नको होता आणि लाकडी गाडी त्या कामाला उत्तम होती. अवकाशात गेल्यावर अ‍ॅपलचा एक सौरपंख उघडलाच नाही. तरीही दोन वर्षांहून अधिक काळ त्याच्याकडून काम करून घेण्यात आले. अर्ध्या शक्तीवर उपग्रह कसा सांभाळावा, हा धडा कोणत्याही पुस्तकात मिळाला नसता. पुढच्या इन्सॅट मालिकेच्या काळात असेच धडे कामी आले.

२६ मे १९९९ रोजी पीएसएलव्ही या आपल्या अग्निबाणाने ओशनसॅटबरोबर दक्षिण कोरिया आणि जर्मनी यांचे दोन छोटे उपग्रह नेले आणि आपण दुसऱ्यांना बसवून नेऊ लागलो. एस.टी.च्या गाडीत आरक्षित जागेवर मुख्य प्रवासी बसावा आणि टपावर दोन-चार गाठोडी चढावीत, तसा हा प्रकार. गाडी जाईल तिकडे गाठोड्याने जायचे, वेळही गाडीचीच. पण भाडे कमी.

त्यानंतरचे सर्वांत बोलके उदाहरण २२ ऑक्टोबर २००१ चे. त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून युरोपीय अवकाश संस्थेचा ‘प्रोबा-१’ आणि जर्मनीचा ‘बर्ड’ असे दोन छोटे उपग्रह गेले. प्रोबा-१ चे वजन ९४ किलो, म्हणजे ज्वारीच्या एका पोत्याइतके. जमिनीवरून सतत आज्ञा न घेता उपग्रहाने आपले निर्णय आपणच घ्यावेत, ही त्याची मुख्य परीक्षा होती. दोन वर्षे चालावा अशी अपेक्षा असताना तो वीस वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच्यावर बसवलेला एक कॅमेरा शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. साधा कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग पाहतो. हा कॅमेरा प्रकाशाचे ६२ पर्यंत पट्टे वेगळे करून पाहू शकत होता. पान पिवळे पडण्याआधीच पिकाला ताण बसला आहे का, हे अशा पट्ट्यांतून ओळखता येते. ‘बर्ड’वर आग आणि उष्णता ओळखणारे नवे संवेदक होते. त्याच कामाचा पुढचा टप्पा असलेला ‘बिरोस’ हा जर्मन उपग्रह पंधरा वर्षांनी पुन्हा श्रीहरिकोट्याहूनच गेला. नवे यंत्र एका उड्डाणात सिद्ध होत नाही. ते पिढ्यांमागून पिढ्या सुधारत जाते, अगदी वाणासारखे.

२०१६ : एक वर्ष, दोन चित्रे

बिरोस ज्या उड्डाणातून गेला, त्यातच महाराष्ट्राची एक वस्तू होती. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने एका वेळी वीस उपग्रह नेले. त्यात पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ होता. वजन सुमारे एक किलो. मोटार नाही, इंधन नाही; केवळ चुंबकाच्या साहाय्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळवून घेत उपग्रहाने आपली दिशा स्थिर ठेवावी, ही त्यातील कल्पना. होकायंत्राची सुई जे करते तेच, पण आकाशात.

तीन महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ रोजी, मुंबईच्या आयआयटीचा दहा किलोचा ‘प्रथम’ गेला. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील इलेक्ट्रॉन मोजणे हे त्याचे काम. हे इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या संदेशात गडबड करतात, म्हणून त्यांची मोजदाद महत्त्वाची. या प्रकल्पातील एक विचार फार चांगला होता. उपग्रह एकाच संस्थेने बांधला, तरी त्याचे संदेश पकडणारी छोटी केंद्रे इतर महाविद्यालयांनीही उभारावीत, अशी त्याची आखणी होती. २००७ मध्ये दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यात आलेली ही कल्पना नऊ वर्षांनी आकाशात पोहोचली. मधल्या काळात विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या पदव्या घेऊन बाहेर पडल्या.

‘प्रथम’च्या शेजारी कोण होते, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटन आणि अल्जीरिया यांनी मिळून केलेला एक नॅनो उपग्रह त्यात होता. तो सरे येथे अल्जीरियाच्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन बांधण्यात आला आणि त्यावर पातळ पापुद्र्याचे सौरघट, घडी उलगडणारा दांडा आणि नवा कॅमेरा अशी ब्रिटिश यंत्रे तपासायला ठेवली होती. ब्रिटनला यंत्रांची परीक्षा मिळाली, अल्जीरियाला शिकलेली माणसे मिळाली. दुसरा होता टोरांटो विद्यापीठाचा ‘कॅनेक्स-७’. काम संपल्यावर उपग्रहाने आकाशात कचरा होऊन राहू नये, म्हणून एक पातळ शीड उघडून विरळ हवेच्या रोधाने हळूहळू खाली यावे, ही त्याची चाचणी. शीड २०१७ मध्ये उघडले आणि २०२२ मध्ये तो वातावरणात जळून गेला. शीड नसते तर त्याला खाली यायला शंभराहून अधिक वर्षे लागली असती.

या २०१६ सालाचे दुसरे चित्र मराठवाड्यातील वाचक विसरलेला नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलात परभणीच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या राज्यात पाण्याची गाडी धावते, त्या राज्याने आकाशात डबे कशाला पाठवावेत, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. तो प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर त्याच सप्टेंबरच्या उड्डाणात होते. ‘प्रथम’ ज्याच्या सोबतीने गेला तो मुख्य उपग्रह ‘स्कॅटसॅट-१’ समुद्रावरील वाऱ्याची दिशा आणि वेग मोजणारा होता, आणि तो बराचसा आधीच्या उपग्रहांसाठी केलेल्या सुट्या भागांतून काटकसरीने उभा केलेला होता. वादळाची चाहूल आणि हवामानाचा अंदाज अशाच मापांवर अवलंबून असतो. दुष्काळ उपग्रहाने हटत नाही हे खरे. पण दुष्काळ येतो आहे हे वेळेवर कळण्यासाठी त्याची गरज असते.

अपयशाची किंमत

ही सगळी वाटचाल यशाची आहे असे मानण्याचे कारण नाही. ७ ऑगस्ट २०२२ रोजी देशभरातील सरकारी शाळांतील ७५० मुलींनी तयार केलेल्या उपकरणांसह ‘आझादीसॅट’ गेला, पण एसएसएलव्ही या नव्या छोट्या अग्निबाणाच्या पहिल्याच उड्डाणात तो चुकीच्या कक्षेत पडून नष्ट झाला. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ रोजी, दुसरा आझादीसॅट यशस्वीपणे गेला. छोट्या उपग्रहाचे हेच बलस्थान : हरल्यावर पुन्हा उभे राहायला दहा वर्षे लागत नाहीत.

मोठ्याचे तसे नसते. १८ मे २०२५ रोजी पीएसएलव्ही-सी६१ चे उड्डाण तिसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे फसले आणि ‘ईओएस-०९’ हा रडारचा उपग्रह हातचा गेला. १२ जानेवारी २०२६ रोजी सी६२ चे उड्डाणही तिसऱ्याच टप्प्यावर बिघडले; त्यात मुख्य उपग्रहाबरोबर देशी-विदेशी छोटे उपग्रह होते. तीन दशकांत कमावलेली गाडीवानाची पत अशा वेळी पणाला लागते. परदेशी विद्यापीठांची गाठोडी आता इतर देशांच्या, विशेषतः अमेरिकेतील खासगी अग्निबाणांवरही स्वस्तात जाऊ लागली आहेत. आपली गाडी वेळेवर आणि सुखरूप पोहोचते, हा विश्वास पुन्हा मिळवावा लागेल.

दुसऱ्या बाजूला उमेद वाटावी असेही काही घडले आहे. ५ डिसेंबर २०२४ रोजी आपण युरोपचे ‘प्रोबा-३’ चे दोन उपग्रह नेले. ते एकमेकांपासून १५० मीटरवर राहून, एकाने सूर्य झाकायचा आणि दुसऱ्याने सूर्याची प्रभा टिपायची, असे कृत्रिम खग्रास ग्रहण घडवतात. त्याच महिन्याच्या ३० तारखेला गेलेले भारताचे ‘स्पेडेक्स’चे दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी अवकाशात एकमेकांना जोडले गेले. आणि त्या उड्डाणात, अग्निबाणाचा वापरून झालेला चौथा टप्पा कक्षेत ठेवून त्यावर दोन डझन छोटे प्रयोग चालवले गेले. त्यातल्या एकात चवळीच्या आठ दाण्यांना चार दिवसांत मोड आले. दुसऱ्यात मुंबईच्या एका विद्यापीठाने पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या. जो टप्पा एरवी कचरा झाला असता, त्याचा प्रयोगशाळेसारखा उपयोग करणे ही खास आपल्या घरातली काटकसर आहे.

उरलेली अर्धी परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आकाशातील यंत्र आकाशात टिकते, हे सिद्ध झाले म्हणजे परीक्षा संपली काय? शेतकऱ्याच्या दृष्टीने तिथे निम्मीच संपते. यंत्र चालते हे एक आणि ते जे सांगते ते शिवारात खरे ठरते हे दुसरे.

परभणी जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रे जगभर फुकट मिळतात. त्यातील सर्वांत बारीक ठिपका दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एका गुंठ्यात काय आहे, हे त्या ठिपक्याच्या रंगावरून ठरवायचे. आपल्याकडे सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर असते. ऑक्टोबरात सोयाबीन काढून झाले तरी तूर हिरवीगार उभी असते. वरून पाहणाऱ्याला त्या गुंठ्यात हिरवे दिसते. ते सोयाबीन समजले गेले, तर हिशेब कुठल्या कुठे जाईल. त्यात खरिपाचे ढग. साधा कॅमेरा ढगापलीकडे पाहू शकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके पाण्याखाली गेली, तेव्हा नेमके पाहायला हवे त्या दिवसांत आकाश झाकलेले होते. रडारच्या लहरी ढगातून जातात, म्हणून तसे उपग्रह हवेत. ३० जुलै २०२५ रोजी गेलेला भारत-अमेरिकेचा ‘निसार’ दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहण्यासाठी बांधलेला आहे. त्याच्या मापांचा मेळही शेवटी जमिनीवरच्या ओलीशी घालावा लागतो.

हा मेळ घालण्याचे काम कोण करणार? इथेच परभणीचे महत्त्व आहे. विद्यापीठाकडे १९७२ पासूनची परंपरा आहे, हवामानाच्या नोंदी आहेत, काळ्या जमिनीचे प्रायोगिक क्षेत्र आहे, कोणत्या वाफ्यात कोणते पीक केव्हा पेरले याची वही आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि जागतिक बँक यांच्या साहाय्याने इथे ड्रोन आणि यंत्रमानव यांच्यावर आधारलेल्या डिजिटल शेतीच्या प्रशिक्षणाचा प्रकल्पही झाला. पिकांसाठी नवे संवेदक तपासणाऱ्या कोणत्याही देशी वा परदेशी मोहिमेला नेमकी हीच गोष्ट लागते : जिथे काय पेरले आहे हे निश्चित ठाऊक आहे अशी जमीन. उपग्रह वरून जाईल त्या दिवशी खाली उभे राहून पानांचा रंग, मातीतली ओल, झाडांची उंची मोजणारी माणसे हवीत. कृषी पदवीचा विद्यार्थी हे करू शकतो. त्यासाठी अग्निबाण लागत नाही.

मुंबईच्या ‘प्रथम’ने संदेश पकडणारी केंद्रे इतर महाविद्यालयांतही असावीत अशी आखणी केली होती, तीच वाट शेतीसाठी चोखाळता येईल. पुढच्या वेळी एखादा शेतीचा छोटा चाचणी-उपग्रह आपल्या अग्निबाणावर जाईल, तेव्हा त्याच्या करारातच मराठवाड्यातील काही शिवारे पडताळणीची शिवारे म्हणून नोंदवली जावीत. अल्जीरियाने ब्रिटनकडून जशी शिकलेली माणसे मिळवली, तसे आपणही भाड्याबरोबर शिक्षण मागावे. आणि पडताळणीत यंत्र किती वेळा चुकले, कोणत्या पिकात चुकले, हे महसूल मंडळनिहाय मराठीत प्रसिद्ध व्हावे. ज्या अंदाजावर भरपाई ठरते, त्याच्या चुकीचे प्रमाण विमा कंपनीला ठाऊक आणि विमा भरणाऱ्याला अज्ञात, ही स्थिती न्यायाची नाही.

नव्या वाणाच्या पोत्यावर उगवणशक्तीची चिठ्ठी असते. ती नसेल तर शेतकरी पोते हातात धरत नाही आणि कायदाही त्याच्या बाजूने उभा राहतो. आकाशातून येणाऱ्या आकड्यावर आज अशी चिठ्ठी नाही. छोट्या उपग्रहांच्या परीक्षा घेणारे देश आपापल्या यंत्रांची चिठ्ठी तयार करतात; परभणीच्या सोयाबीनसाठी, परभणीच्या तुरीसाठी लागणारी चिठ्ठी मात्र परभणीच्या मातीतच लिहावी लागेल. ती लिहिली जाईपर्यंत विम्याच्या हिशेबात पीक कापणी प्रयोगाचे पारडे जड ठेवणे, एवढे तरी शासनाच्या हाती आहे.